कंपनी सुटायच्या वेळी

पडेगावच्या एका सोसायटीचे सेक्रेटरी माझ्या टेबलासमोर उभे होते आणि त्यांचा मोबाईल माझ्या नाकापासून वीतभर अंतरावर होता. स्क्रीनवर एक गोल फिरत होतं.

"हे बघा मॅडम," ते म्हणाले. "सकाळपासून असंच फिरतंय. टँकर काही आमच्याकडं फिरकला नाही, हे मात्र फिरतंय."

मी उत्तर देणार तेवढ्यात माझ्या कॉम्प्युटरवर मेल आला. चिकलठाण्यात नवीन ऑफिस थाटलेल्या एका मोठ्या software कंपनीचा. ऑफर लेटर सोबत जोडलेलं. मी सेक्रेटरींना "हो सर, बघते सर" म्हणत राहिले आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून मेल वाचत राहिले. आनंद इतका झाला की हसू आवरेना. साहजिकच ते भडकले. पाण्यावाचून लोक बोंबलतायत आणि तुम्ही हसताय, असं बरंच काही ऐकवून गेले. त्यांचं काहीच चुकलं नव्हतं, पण त्या दिवशी मला शिव्याही गोड लागत होत्या.

ही दुष्काळाच्या वर्षांतली गोष्ट. संभाजीनगर तेव्हा औरंगाबाद होतं. जायकवाडीचं पाणी तळाला गेलेलं आणि शहर मात्र वाढत सुटलेलं. पडेगाव, सातारा परिसर, बीड बायपास, जिथं काल ज्वारी होती तिथं आज चार मजले. नळाची लाईन पोचायच्या आत माणसं राहायला पोचायची, त्यामुळे सगळा कारभार टँकरवर. आमची कंपनी या टँकरच्या बुकिंगचं app चालवायची. कंपनी म्हणजे क्रांती चौकाजवळ एका मेडिकलच्या वरच्या दोन खोल्या. माणसं तीन. मालक मुळे सर, अकाउंट्स बघणाऱ्या काकू आणि software developer म्हणून मी. App बंद पडलं तर मी, printer मध्ये कागद अडकला तरी मीच.

आता ते गोल का फिरत होतं, ते सांगते. फार अवघड नाही.

आदल्या उन्हाळ्यात आमच्याकडे एक भानगड व्हायची. दोन सोसायट्यांनी एकाच क्षणी बटण दाबलं की एकच टँकर दोघांना मिळायचा. म्हणजे app दोघांनाही "तुमचा टँकर निघाला" असं सांगायचं. मग टँकर एका गेटवर आणि दुसऱ्या गेटवरची माणसं आमच्या जिन्यात. मी पुस्तकं चाळली, internet पालथं घातलं आणि त्यावर lock नावाचा उपाय शोधून काढला. एकाचं बुकिंग चालू असताना दुसऱ्याने मध्ये हात घालायचा नाही, एवढाच त्याचा अर्थ. भानगड बंद झाली. मुळे सरांनी पेढे आणले. मी स्वतःला मोठी हुशार समजू लागले.

पुढच्या उन्हाळ्यात सोसायट्या वाढल्या आणि app रांगायला लागलं. सकाळी बुकिंग उघडलं की सगळ्यांच्या मोबाईलवर ते गोल. मुळे सर म्हणाले, server लहान पडतोय, मोठा घेऊ. घेतला. गोल तेवढंच फिरत राहिलं. मी दिवसदिवस code उसवत बसायचे. विचारायचं कुणाला? त्या दोन खोल्यांत code कळणारी मी एकटी. मी चुकत असले तरी ते सांगणारं कुणी नव्हतं. मुळे सर माणूस सोन्यासारखा, पण त्यांची हयात कॉम्प्युटर विकण्यात गेलेली. ते माझ्या खुर्चीमागे उभे राहून फक्त "होईल गं, होईल" म्हणायचे.

अशात ती ऑफर. पगार वाढणार होता, त्यात शंका नाही. पण मी हरखले होते ती पगारामुळे नव्हे. मला programmer व्हायचं होतं. खरी, पक्की. या दोन खोल्यांत मी कितीही वर्षं बसले तरी मला जेवढं येतं तेवढंच येत राहणार, हे मला कळून चुकलं होतं. दुसरीकडे भीतीही होती. मुलाखत झाली ती video call वर. तिथलं ऑफिस कसं, माणसं कशी, काही ठाऊक नाही. इथं मी निदान "मॅडम" तरी होते. तिथं कुठल्या तरी कोपऱ्यात बसवून ठेवलं आणि नुसते रिपोर्ट बनवायला लावले तर? शिवाय ऐन टँकरच्या दिवसांत मुळे सरांना सोडून जायचं. माझ्या वर्गातल्या मुली मुंबई-पुण्याला पोचल्या तेव्हा माझ्यासारख्या पाचोडच्या मुलीला नोकरी दिली ती याच माणसाने.

सोमवारपर्यंत कळवा, असं HR ने लिहिलं होतं. मेल आला त्या दिवशी गुरुवार. मी संध्याकाळची एसटी पकडून पाचोडला गेले.

आमचे अण्णा म्हणजे माझे वडील. त्यांचं अर्धं आयुष्य मेंढरांमागे फिरण्यात गेलं. आता थोडी मेंढरं, थोडी कोरडवाहू आणि जमेल तेव्हा रोजगार. मी software मध्ये काय करते ते त्यांनी मला कधी विचारलं नाही आणि मीही कधी नीट सांगितलं नाही. त्या दिवशी मात्र मी सगळं एका दमात सांगितलं. नवीन कंपनी, मोठी इमारत, AC, canteen, सगळं. माझा आवाज इतका चढला होता की आई चुलीपासून उठून बघायला आली.

अण्णांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तू जाऊन बघितलं का?"

"इंटरव्ह्यू झाला ना अण्णा. फोनवर दाखवलं त्यांनी सगळं."

"ते त्यायनी दाखवलं. तू काय बघितलं?"

मग त्यांनी त्यांची रीत सांगितली. वाडा हलवायच्या आधी, म्हणजे मेंढरांचा तळ एका गावाहून दुसऱ्या गावाला न्यायच्या आधी, एक माणूस पुढे जाऊन येतो. तो रान बघत बसत नाही. रान हिरवं दिसलं तरी त्यात खाण्याजोगं असेलच असं नसतं. तो शिवारात वाटेवर बसतो आणि संध्याकाळी त्या गावची मेंढरं चरून परत येतात ती बघतो. कुशी भरलेल्या आहेत की नाहीत, सावकाश येतात की वाटेतली धसकटं ओरबाडत येतात, ओरडतात किती. त्यावरून ठरवायचं, आपला वाडा इथं आणायचा की नाही.

"तुमची कंपनी सुटती कधी?" त्यांनी विचारलं.

मी हसले. त्यांनी विचार पक्का केला होता.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, दुपारच्या एसटीने आम्ही दोघे निघालो. अण्णांच्या डोक्याला पटका, खांद्यावर घोंगडी, हातात काठी. मे महिन्यात घोंगडी कशाला, असं विचारायची सोय नव्हती. चिकलठाण्यात कंपनीच्या गेटसमोर एक चहाची टपरी होती, तिथं आम्ही बाकडं धरलं. चहा कागदी कपात आला. काचेचे ग्लास धुवायला पाणी कुठून आणायचं, असं टपरीवाल्याने न विचारताच सांगितलं. अण्णांनी मान डोलावली आणि ते सरळ उठून रस्ता ओलांडून वॉचमनकडे गेले. मी लाजेने अर्धी झाले. उद्या मी इथं नोकरीला येणार आणि माझे वडील काठी टेकून वॉचमनला विचारतायत की तुमच्या कंपनीला पाणी कुठलं. परत येऊन त्यांनी मला खबर दिली. दोन बोअर आहेत, एक आटलाय, दुसऱ्याला अजून आहे.

"पानी बरं हाय," ते म्हणाले. "आता कळप बघू."

कंपनी सुटायची वेळ झाली. गेटमधून माणसं बाहेर पडायला लागली. गळ्यात ओळखपत्रं, पाठीवर sack, डोळ्याला चष्मे. अण्णा हनुवटी काठीवर टेकवून एकेकाला निरखत होते. मीही निरखत होते, पण मला काय बघायचं तेच कळत नव्हतं.

थोड्या वेळाने अण्णा खालच्या आवाजात म्हणाले, "बाई, लई वाळलीत गं ही लेकरं. एकाच्या बी अंगावर मास नाय. चारा नाय इथं."

मी त्यांना समजावलं की आमच्या धंद्यात सगळे असेच दिसतात. ते त्यांना पटलं नाही. आणि पटवत बसायला वेळही मिळाला नाही, कारण तेवढ्यात गेटमधून एक मुलगा आणि एक मुलगी भांडत बाहेर आले.

भांडत म्हणजे चांगलेच हातवारे करत. रस्ता ओलांडताना एक रिक्षा त्यांच्या अंगावरून जाता जाता राहिली, पण त्यांचं तिकडे लक्षच नव्हतं. टपरीवर येऊन दोघांनी चहा सांगितला आणि आमच्या शेजारच्या बाकड्यावर बसून पुन्हा सुरू. अण्णांनी माझ्याकडे बघून नकाराची मान हलवली. माझं मात्र त्यांच्याकडे लक्ष राहिलं नाही, कारण मला शब्द ऐकू यायला लागले होते.

ती दोघं lock वर भांडत होती.

त्यांचं काम एका बसवाल्यांच्या तिकिटांचं होतं. एकच सीट दोघांना जाऊ नये म्हणून काय करायचं, हा वाद. मुलगा म्हणत होता, सरळ पूर्ण table ला lock लावू, कटकट नको. Table म्हणजे सगळ्या बसच्या सगळ्या सीटांची एकत्र मांडणी, एका सीटला एक ओळ. मुलगी म्हणत होती, "वेड लागलंय का तुला? एक जण एक सीट घेतोय आणि तू बाकी सगळ्यांना बाहेर उभं करणार? ज्या सीटला हात लागलाय तेवढ्याच ओळीला lock लाव ना."

माझ्या हातातला चहा सांडला. घोंगडीवर.

वाचकांना कळावं म्हणून सांगते. नळकोंडाळ्यावर एक बाई हंडा भरतेय म्हणून बाकीच्या सगळ्या तोट्या बंद करून ठेवायच्या, हे मी दुसरा उन्हाळा करत होते. एका सोसायटीचं बुकिंग चालू असलं की अख्ख्या शहराचे टँकर मी कुलूपबंद करत होते. मोठा server घेऊन काय होणार होतं? तोट्या बंदच होत्या.

मी उठले आणि त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. ओळख ना पाळख. म्हणाले, "पण तेवढ्यात दुसऱ्याने तीच ओळ मागितली तर त्याला थांबवून ठेवायचं का?"

दोघं माझ्याकडे बघायला लागली. मग ती मुलगी म्हणाली, "थांबवायचं कशाला? लगेच सांगायचं, ही गेली, दुसरी घे. तुमच्याकडे काय आहे, बस का?"

"टँकर," मी म्हणाले.

मी सगळं सांगितलं. तिने चहाच्या कपावर पेनने चौकोन काढून दाखवले. मुलगा मध्येच तिला अडवायचा, ती त्याला गप्प करायची, मग तो बरोबर निघायचा आणि ती "हां, ते खरंय" म्हणून चौकोन खोडायची. माझं app अख्खं table lock करतं हे ऐकून दोघं खदाखदा हसली. "अख्खं? उन्हाळ्यात?" मुलगा म्हणाला. माझे कान लाल झाले. आणि खरं सांगते, एवढा आनंद मला ऑफर लेटर वाचूनही झाला नव्हता. माझ्या कामाला कुणीतरी पहिल्यांदाच नावं ठेवत होतं, आणि ती नावं ठेवण्याएवढं त्यांना माझं काम कळत होतं.

त्यांची बस आली आणि दोघं निघून गेली. नावं विचारायचंही राहिलं.

स्टँडकडे जाताना अण्णा माझ्या पुढे झपाझपा चालत होते. शेवटी थांबून म्हणाले, "नको बाई. तिथं लोकं वाळलेली, वर आपसात भांडत्यात. पानी बरं असून काय उपेग?"

"अण्णा, ते भांडण नव्हतं."

"मंग काय व्हतं?"

"तेच चरणं आहे," मी म्हणाले. "आमच्यात असंच चरतात."

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. मग घोंगडीवरचा चहाचा डाग बघितला. "तुमचा कळप तू वळखनार, मी काय वळखू," एवढं म्हणून ते एसटीत चढले.

शनिवारी मी ऑफिसात बसून ते एक lock बदललं. अख्ख्या table ऐवजी फक्त त्या टँकरची ओळ. टँकर गेला असेल तर app ने लगेच सांगायचं, दुसरा घ्या. बदल इतका छोटा होता की मलाच विश्वास बसेना. रविवारी सकाळी बुकिंग उघडलं आणि मी श्वास रोखून स्क्रीन बघत बसले. बुकिंग धडाधड पडत गेली. गोल कुठंच नाही. मी एकटीनेच त्या रिकाम्या खोलीत टाळ्या वाजवल्या. पडेगावच्या सेक्रेटरींचा फोन आला, तेव्हा मला वाटलं नवीन तक्रार. ते म्हणाले, "मॅडम, आज लगेच झालं. काही बिघडलंय का?"

सोमवारी मुळे सरांसमोर बसले. ते खुशीत होते. मोठ्या server ने अखेर काम दाखवलं असं त्यांना वाटत होतं. मी आधी lock चं सांगितलं आणि मग ऑफरचं सांगितलं.

ते खुर्चीत मागे टेकले. मग कुठलाही मालक करतो तेच त्यांनी केलं. म्हणाले, "तुला टेक्निकल हेड करतो."

"सर, हेड कुणाची?"

त्यांनी त्या दोन खोल्यांकडे नजर टाकली आणि त्यांनाच हसू आलं. "तुझी तूच," ते म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "हे ओळीचं lock तुला कुणी सांगितलं?"

मी टपरीचं सगळं सांगितलं. अण्णा, वॉचमन, चहाचा कप. ते मन लावून ऐकत होते. शेवटी म्हणाले, "अश्विनी, तुला पाच मिनिटांत जे कळलं ते मी पाच वर्षांत सांगू शकलो नसतो. जा तू. फक्त टँकरचे दिवस पार पाड. तू मध्येच गेलीस तर इथं काय बिघडलंय ते मला कळणारसुद्धा नाही."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. हो म्हटलं.

पण HR ला लगेच माणूस हवा होता. मी मेल लिहिला की येते, पण पाऊस पडून टँकर थांबल्यावर येते. कारणही खरं लिहिलं. HR कडून एका ओळीचं उत्तर आलं, तुमची विनंती पुढे पाठवली आहे. अशा उत्तराचा अर्थ बहुधा नाही असाच असतो. दोन दिवस माझा जीव टांगणीला. हातचं सोडून पळत्याच्या मागे लागायला नको होतं असं वाटायचं, आणि पुढच्याच क्षणी त्या कपावरचे चौकोन आठवून पुन्हा अंगात वारं भरायचं.

तिसऱ्या दिवशी फोन वाजला. आवाज HR चा नव्हता.

"टँकरवाली तूच ना?" पलीकडून विचारलं. "तुझा मेल माझ्याकडे आलाय. मी नेहा, इथली टीम लीड. Lock बदललंस का?"

"बदललं," मी म्हणाले. "गोल थांबलं."

"मग ये सावकाश. ते HR चं मी बघते."

फोन ठेवल्यावर मी मेडिकलच्या जिन्यावरून धावत खाली गेले आणि धावत वर आले. काकूंनी विचारलं, काय झालं. मी म्हणाले, काही नाही. आणि पुन्हा खाली गेले.

पाऊस त्या वर्षी उशिरा आला, पण आला. मी नवीन developer ला सगळं शिकवून, मुळे सरांच्या पाया पडून चिकलठाण्यात रुजू झाले. पहिल्याच आठवड्यात माझा code review ला गेला. Review म्हणजे आपला code दुसऱ्याने वाचून त्यातल्या चुका समासात लिहायच्या. परत आला तेव्हा समास भरून वाहत होता. तो टपरीवरचा मुलगा, फैजान, त्याने तर एका ठिकाणी नुसतं "अख्खं?" एवढंच लिहिलं होतं. मी संध्याकाळी अण्णांना फोन करून सांगितलं की माझ्या कामात लोकांनी लई चुका काढल्या. ते काळजीने म्हणाले, मग परत येतीस का. मी म्हणाले, नाही अण्णा, म्हणून तर राहते. त्यांना काही ते उमगलं नसावं.

दिवाळीच्या आधी ते पुन्हा शहरात आले. मला न सांगता आले. मी संध्याकाळी गेटमधून बाहेर पडले तर समोर टपरीवर पटका, घोंगडी, काठी. मी धावत रस्ता ओलांडला.

"कधीचे बसलात अण्णा? फोन तरी करायचा."

"फोन कामून करू? कळप सुटायची येळ ठावं हाय मला," ते म्हणाले. मग मला पायापासून डोक्यापर्यंत नीट बघून घेतलं. "तू बी वाळलीस."

मी हसले.

"पन दारातनं भांडत भाईर आलीस," अण्णा म्हणाले. "समद्यात मोठा आवाज तुजाच व्हता. पार इथपस्तोर आला."

एवढं बोलून त्यांनी माझ्यासाठी चहा सांगितला. या खेपेला तो काचेच्या ग्लासात आला.

आता मीच लोकांच्या मुलाखती घेते. ऑफर दिल्यावर मुलं-मुली मला विचारतात, मॅडम, कंपनी कशी आहे? मी सांगते, मला विचारू नका, मला त्यांनी ठेवलंच आहे चांगलं सांगायला. आमचं ऑफिस सुटायच्या वेळी समोरच्या टपरीवर जाऊन बसा. चहा बरा असतो. पाण्याचं वॉचमनला विचारा.